चोरीला न गेलेली अक्षरं

वल्लरीच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ रविवारी सकाळी आलं. वेणीमाधव गायधनीनं ते चष्मा न लावताच हातात घेतलं आणि एक शब्दही वाचायच्या आत त्याला कळलं की हे दत्तूचं अक्षर आहे. मजकूर नंतर दिसला. श्री गजानन प्रसन्न, आमचे येथे श्रीकृपेकरून, चि. सौ. कां. वल्लरी, आणि खाली उजव्या हाताला त्याचं स्वतःचं नाव, दत्तू गावितच्या ब्रशातून उतरलेल्या त्या भरल्या अंगाच्या, पोट सुटलेल्या, आनंदी अक्षरात. त्यानं चष्मा लावला आणि एखादी चूक सापडते का ते शोधलं. सापडली असती तर प्रूफ परत पाठवायला निमित्त झालं असतं. वाल्मीकच्या प्रेसमध्ये एखादी वेलांटी चुकल्याशिवाय काम होत नाही अशी ख्याती होती. आज नेमकी एकही चुकली नव्हती. सविता हात पुसत स्वयंपाकघरातून आली, पत्रिका लांब धरून पाहिली आणि छान आलीय हो म्हणाली. त्याच्या बरगडीखाली कुणीतरी चिमटा घेतला. पन्नाशी गाठलेल्या माणसाला, मुलीच्या लग्नाच्या तोंडावर, पत्रिकेच्या अक्षरावरून जळायला होतं हे कुणाला सांगून पटलं असतं? पण जळत होतं, आणि चांगलं जळत होतं. आता ही पत्रिका पहिली जाणार गणपतीपुढं, मग देवीपुढं, मग कुंकू लावून पाचशे घरांत. म्हणजे दत्तू आता देवघरापर्यंत आला.

बाहेर तो आधीपासून होताच. गेली दहा-अकरा वर्षं नाशिक शहर दत्तूच्या अक्षरात बोलत होतं आणि हे फक्त वेणीमाधवला ऐकू येत होतं. बाकीचे लोक नुसतं वाचत. रविवार कारंजावर दाताच्या डॉक्टरची पाटी, शालिमारला नगरसेवकाच्या वाढदिवसाचं फ्लेक्स, रिक्षाच्या पाठीवर आईचा आशीर्वाद, सगळं त्याचंच. सिंहस्थाच्या वर्षी तर कहर झाला. लाखो माणसं नदीवर आली आणि पुढे खोल पाणी आहे, घाई करू नये, मुलांचा हात सोडू नये, असं जे जे शहरानं त्यांना सांगितलं ते दत्तूच्या आवाजात सांगितलं. वेणीमाधवचे वडील वारले तेव्हा दहाव्याला रामकुंडावर तो ओलेत्यानं उभा होता, कावळा शिवायची वाट सगळे पाहत होते, आणि त्याची नजर समोरच्या ‘कपडे येथे ठेवू नयेत’ या पाटीवरच्या ‘ठ’वर खिळलेली होती. तो ‘ठ’ चांगला होता. गोल, घट्ट, मांडी घालून बसलेला. वडिलांच्या पिंडापुढं उभं राहून आपल्या मनात हे यावं याची त्याला लाज वाटली होती, पण लाज वाटली म्हणून ‘ठ’ काही वाईट झाला नाही. घरच्या जिन्यात सोसायटीनं कचऱ्याबद्दलची नोटीस लावली तीही त्यातच. कचरा टाकू नये असं वाचून त्यानं एकदा मुद्दाम तिथे बसचं तिकीट टाकलं, दोन पायऱ्या चढला, आणि परत येऊन उचललं. एवढंच त्याचं बंड.

खरं तर दोघं बरोबरीचे. चित्रकलेच्या कॉलेजात एकाच बाकावर बसत. वेणीमाधव पंचवटीतल्या उपाध्यायांच्या घरातला, यजमानांची पिंडदानं आणि बोरूनं लिहिलेल्या पोथ्या यांच्यात वाढलेला. पोथीतलं अक्षर त्याला देवासारखं होतं. काळं, ताठ, सोवळ्यातलं. दत्तू पेठच्या पलीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरचा. घरची भात-नागली चार महिने पुरायची, मग आईबाप द्राक्षबागांकडे कामाला निघायचे. तो आश्रमशाळेत भिंतींवर सुविचार लिहीत लिहीत इथवर आला होता. सुट्टीत विंचूरला कांद्याच्या व्यापाऱ्यांच्या पाट्या रंगवून त्यानं फी भरली. मास्तर म्हणत, गायधन्याचं अक्षर शुद्ध आणि गावितचं जिवंत. सगळा वर्ग हे कौतुक समसमान वाटलं गेलं असं समजला. वेणीमाधव मात्र त्या दिवशी घरी जाऊन जेवला नाही. शुद्ध हा शब्द पाण्याला, तुपाला ठीक आहे. त्या वयातसुद्धा त्याला दोन शब्दांतलं अंतर बरोबर कळलं होतं, आणि पुढची पंचवीस वर्षं तो ते अंतर रोज चालून पाहत होता.

संगणक आले तेव्हा वेणीमाधवला वाटलं, आता आपली पाळी. तो शाळेत चित्रकला शिकवायचा आणि संध्याकाळी अक्षरं काढायचा. तीन वर्षं त्यानं एकेक अक्षर पोथ्यांवरून उचललं, घासलं, पुन्हा काढलं. गंगापूर रोडवरच्या श्रेयस नावाच्या हुशार इंजिनीयर मुलानं त्याचा फॉन्ट करून दिला. आईच्या नावावरून आणि नदीच्याही, त्याचं नाव ठेवलं गोदावरी. आणि श्रेयसनंच सुचवलं, सर, लॉक लावू, नाहीतर आठवड्यात सगळीकडे पसरेल. लॉक म्हणजे अंगठ्याएवढी प्लास्टिकची डबी. ती संगणकाच्या मागे, प्रिंटरची वायर जिथं लागते तिथं बसवायची. डबी असेल तर गोदावरी उघडणार, नसेल तर नुसते चौकोन. सरकारदरबारी नोंदणी झाली, हक्काचा कागद आला, सवितानं त्याला फ्रेम केली. विकत घेणारे निघाले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यातलेही दोघे नात्यातले. पण वेणीमाधव डगमगला नाही. छपाईवाल्यांच्या मेळाव्यांत तो हक्कावर बोलू लागला. एकानं रांधायचं आणि दहांनी न विचारता वाढून घ्यायचं, याला संस्कृती म्हणायचं का, असं तो विचारायचा. लोक माना डोलवायचे आणि मधल्या सुट्टीत एकमेकांच्या फ्लॉप्या कॉपी करायचे.

दत्तूची गोष्ट अगदी उलटी. त्यानं देवळाली कॅम्पात दुकान टाकलं होतं, तोफखान्याच्या पाट्या आणि बाजारातले बोर्ड रंगवायचा. कुणा दुकानदाराच्या मुलानं हौसेनं त्याची अक्षरं स्कॅन केली आणि फॉन्ट बनवला. दत्तूनं तो पहिल्या मागणाऱ्याला दिला, दुसऱ्याला दिला, मग मागणाऱ्यांना मागायची गरज उरली नाही. महिन्याभरात तो मालेगावात होता, वर्षात कोल्हापुरात. डीटीपीवाली पोरं त्याला नुसतं ‘दत्तू’ म्हणत. हेडिंग दत्तूमध्ये टाक रे, असं. एका मेळाव्यात वेणीमाधवनं नाव न घेता टोमणा मारला, की काही कलावंत स्वतःची बाग स्वतःच उघडी टाकतात आणि शेजाऱ्याच्याही कुंपणाची किंमत घालवतात. मागच्या रांगेतून दत्तू उठला आणि हसत म्हणाला, पहिलं अक्षर ज्यानं काढलं त्याला आपण कोणी विचारलंय का? मला तर बाराखडी फुकटच मिळाली. मंडप हसला. तो हशा टाळ्यांपेक्षा वाईट होता, कारण त्यात चीड नव्हती, माया होती. वेणीमाधवकडे कायद्याचं उत्तर तयार होतं. बाराखडी सगळ्यांची, तिचं हे रूप माझं; तो ते बोललाही. पण तोवर लोक चहाकडे निघाले होते.

घरी एकदा त्यानं दोन्ही अक्षरांत एकच ओळ छापून सवितापुढं ठेवली आणि सहज विचारतो असं दाखवून विचारलं, कुठलं बरं वाटतं. तिनं दोन्हीकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, मला दोन्ही वाचता येतात. संसार टिकायचा तो अशाच उत्तरांवर. पण त्या रात्री त्याला झोप आली नाही, आणि अंधारात डोळे उघडे ठेवून पडल्यावर त्याला आपला रोग प्रथमच स्पष्ट कळला. दत्तूला लुटलं जातं याचं त्याला दुःख नव्हतं, आपल्याला लुटलं जाईल याची भीतीही उरली नव्हती. आपल्याला कुणी लुटत नाही, हे ते दुःख होतं. श्रेयस म्हणाला होता आठवड्यात पसरेल. पाच वर्षं झाली, एकाही पोरानं ती डबी फोडायचा प्रयत्न केला नव्हता. इंग्रजी प्रोग्रामची मोठमोठी कुलपं ही पोरं चहा पिता पिता फोडत. त्याचं कुलूप त्यांनी हलवूनसुद्धा पाहिलं नव्हतं. चोराच्या मनातही आपलं घर भरू नये, यापेक्षा जास्त गरिबी कुठली असेल?

मग दोन हजार एकच्या दिवाळीनंतर त्यानं ते केलं. श्रेयस अमेरिकेला जाताना गोदावरीची लॉक नसलेली मूळ प्रत त्याच्या हवाली करून गेला होता. सविता आणि वल्लरी बाहेर गेल्या असताना त्यानं तिच्या पाच प्रती काढल्या. फ्लॉपीवर लेबल चिकटवलं आणि पेन हातात घेतलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की आपलं अक्षर नाशिकमधला कुठलाही छपाईवाला ओळखेल. त्यानं पेन डाव्या हातात घेतलं आणि ‘मराठी फॉन्ट नवीन’ असं लिहिलं. वाकडंतिकडं, शिरोरेघ घसरलेली, ‘ठ’ कुबड आल्यासारखा. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मुद्दाम घाण अक्षर काढलं आणि आंघोळ करावीशी वाटली. पुढच्या दोन दिवसांत तो भद्रकाली, मेन रोड आणि पार कॅम्पापर्यंत दुकानं फिरला. निमित्त होतं चोरीविरुद्धच्या सभेचं पत्रक वाटायचं. कॉपी करणं गुन्हा आहे, हे पोरांना समजावून सांगता सांगता त्यानं एकेक फ्लॉपी त्यांच्या टेबलावरच्या ढिगात सारली. छाती हलकी झाली होती, प्रेमपत्र टाकून पळणाऱ्या पोरासारखी. घरी आल्यावर भीतीनं गाठलं. उद्या गोदावरी सगळीकडे झाली, चौकशी निघाली, आणि मूळ प्रत आपल्याच कपाटात सापडली तर? मेळाव्यांतला तो गायधनी, स्वतःच्याच मालाचा चोर. त्यानं मूळ फ्लॉप्या पुसल्या, वर हातोडीनं फोडल्या आणि निर्माल्याबरोबर नदीत सोडून दिल्या. आता पसरायचं तेवढं पसर, असं तो मनात म्हणाला.

ती पसरली नाही. लग्नसराई आली आणि गेली, तो दुसऱ्यांच्या पत्रिका उलटसुलट करून बघत राहिला. निवडणुका आल्या, भिंती भरल्या, सगळीकडे दत्तू. एकदा कॉलेज रोडवर आइस्क्रीमच्या दुकानाच्या पाटीवर त्याला आपला ‘ग’ दिसल्यासारखा वाटला. स्कूटर तशीच रस्त्यात ठेवून तो धावला. जवळ जाऊन पाहिलं तर रंगाचा पोपडा उडाल्यामुळं दुसऱ्याच कुठल्या ‘ग’ची कंबर बारीक झाली होती. मागून हॉर्न वाजत होते. फुकट, बिनकुलपाची, दारात नेऊन ठेवलेली आपली अक्षरं पाच दुकानांत कुणीही उचलली नाहीत, हे त्यानं त्या दिवशी स्वतःशी कबूल केलं. सिंहस्थ त्यानंतर आला.

प्रूफ बघून झाल्यावर दुपारी जेवताना तो वल्लरीला म्हणाला, पत्रिका गोदावरीत व्हायला हवी. तिनं मान खाली घातली. आपल्या बापाला कुठं दुखतं हे मुलींना फार लहानपणी कळतं. सविता म्हणाली, आता कशाला पुन्हा, दिवस किती राहिलेत. पण वल्लरी ताटातून मान न उचलता म्हणाली,

“बाबा, मला आवडेल. उद्यापर्यंत वाल्मीककाकांना द्या फक्त.”

ती हो म्हणेल अशी त्याची अपेक्षा नव्हती. जेवण तसंच टाकून त्यानं माळ्यावरून डबी काढली. घरातल्या नव्या संगणकाला मागं ती बसायची फटच नव्हती. प्रिंटरच्या तसल्या वायरी आता येत नाहीत, असं दुकानदार फोनवर म्हणाला. जुना संगणक गॅलरीतून आणून पुसला, लावला, त्यानं एकदा आवाज केला आणि तो बंद पडला. गोदावरी विकत घेतलेल्यांचे संगणक तर केव्हाच भंगारात गेले होते. श्रेयसला मेल केली. अमेरिकेतून अर्ध्या तासात उत्तर आलं, सर, अभिनंदन, माझी जुनी डिस्क तर केव्हाच गेली, तुमच्याकडे मूळ प्रत असेलच. वेणीमाधव पडद्यापुढं बसून राहिला. हक्काचा कागद भिंतीवर होता, किल्ली हातात होती, आणि आपल्या अक्षरांत शिरायला त्याला वाट नव्हती. लॉकनं आजवर एकाच माणसाला यशस्वीपणे अडवलं, तो म्हणजे तो. आता ती अक्षरं मिळाली तर एखाद्या चोराकडेच मिळतील, हे उमगल्यावर त्याला हसूही येईना. सहा वर्षांपूर्वी कुणीतरी एकानं, निदान आळसानं, ती फ्लॉपी मशीनमध्ये उतरवून ठेवली असेल का? देवा, एक तरी चोर निघू दे, असं तो खरोखर म्हणाला.

सोमवारी शाळेत रजा टाकून तो फिरला. त्या दुकानांपैकी एकात आता मोबाइल विकत होते, एक सायबर कॅफे झालं होतं, एका पोरानं दुबई गाठली होती, उरलेली दोन बंद पडली होती. शेवटी तो वाल्मीक आहेरच्या प्रेसमध्ये येऊन टेकला. वाल्मीक सटाण्याकडचा, तीन वर्षांपूर्वी इथं येऊन प्रेस टाकलेला. फोनवर कुणाला तरी अहिराणीत तयार शे, तयार शे, असं सांगत त्यानं खुर्ची पुढं सरकवली, सगळं ऐकलं, आणि म्हणाला, सर, एवढं कशाला फिरताय, जुनं कुठलंही अक्षर लागलं तर आम्ही दत्तूभाऊंकडे जातो. ते सगळ्यांची अक्षरं सांभाळून ठेवतात. वेणीमाधवनं चहा अर्धा ठेवला. बाहेर पडून तो घराच्या दिशेनं चालू लागला, शालिमारपर्यंत गेला, आणि कॅम्पाची बस समोर उभी होती तीत चढला. वल्लरी उद्यापर्यंत म्हणाली होती, म्हणजे आजच. आपण मुलीसाठी जातोय असं तो बसमध्ये स्वतःला सांगत राहिला. त्यात थोडं तथ्यही होतं. पण खरी आशा वेगळीच होती आणि ती बसच्या प्रत्येक धक्क्याला वर येत होती. दत्तूकडे जर गोदावरी असेल, तर ती त्यानं घेतलीय. त्या माणसाला माझी अक्षरं हवीशी वाटली. घेतलीयत म्हणजे दिलीही असतील, हा गडी हातात आलेलं ठेवून घेणारा नव्हे. कुठंतरी, धुळ्याला, जळगावला, आपल्याला न दिसणाऱ्या गावांत, आपल्या अक्षरात लोकांची लग्नं लागत असतील.

दत्तूचं दुकान लष्करी क्वार्टर्सच्या वळणावर होतं. पत्र्याच्या पाटीवर आडवा पडून तो कुठल्याशा मेजरचं नाव रंगवत होता. केस पांढरे झाले होते, पोट त्याच्या अक्षरांसारखंच सुटलं होतं. त्याची बायको रोशनी आत संगणकावर बसली होती. वेणीमाधवला बघून दत्तू ब्रश तोंडात धरूनच उठला, मग ब्रश काढून त्याला मिठी मारली. रोशनीनं भाऊजी बसा म्हणत स्टूल पुसलं आणि वल्लरी मोठी झाली असेल ना, असं विचारलं. लग्नाचं ऐकून दत्तूला इतका आनंद झाला की वेणीमाधवला तो सहन करणं जड गेलं. पत्रिका कुठल्या अक्षरात झालीय हे त्यानं सांगितलं नाही. चहा झाला, पाट्यांचा धंदा फ्लेक्सनं कसा खाल्ला ते बोलून झालं, तेव्हा कुठं त्यानं पेल्यात बघत विचारलं की गोदावरीची एखादी प्रत तुझ्याकडे असेल का. माझी जरा खराब झालीय.

दत्तूनं फळीवरून सीड्यांचा डबा उतरवला, त्यातली एक फडक्यानं पुसून रोशनीला दिली. पडद्यावर पांढरा कागद उघडला आणि त्यावर, एकेक करून, ती आली. अ, आ, इ. ताठ, काळी, पोथीतल्या शाईची. सहा वर्षांत वेणीमाधवनं ती पाहिली नव्हती. ती सुंदर होती. थोडी गंभीर, थोडी अंग चोरून उभी राहणारी, पण सुंदर होती, यात त्याला शंका उरली नाही, आणि त्याचे डोळे भरून आले. ‘ळ’पर्यंत तो बघत राहिला. मग जे विचारायला तो खरं तर आला होता ते त्यानं विचारलं.

“किती जणांनी नेली रे, तुझ्याकडून?”

“नेतील कशी?” दत्तू म्हणाला. “एकानं बी नाय. तुला ठावं नसंल माधवा, पन मागं कोनीतरी तुझी चोरली होती. चार-पाच दुकानांत एकदम आली, फ्लॉपीवर. पोरं माझ्याकडं पळत आली, भाऊ, लय भारी फॉन्ट घावलाय, वापरायचा का? मी बघितल्या बघितल्या वळखली. म्हनलं, माझं काय बी घ्या, ह्याला हात लावायचा नाय. हे गायधन्याचं हाय, त्यानं कुलूप लावलंय. सगळ्यांच्या फ्लॉप्या माझ्यासमोर पुसायला लावल्या. एक ठेवली, मागनं सीडीवर उतरवली, म्हनलं तुझी कधी खराब झाली तर असावी.”

रोशनी हसून म्हणाली, चोराचं अक्षर तर इतकं घाण होतं भाऊजी, हे म्हणाले की ज्याला अक्षराची अक्कल नाही असाच कुणीतरी असणार. दत्तूही हसला. वेणीमाधव हसला. हसताना त्याचे कान आतून गरम होत गेले. लय भारी, असं पोरं म्हणाली होती. पळत आली होती. सहा वर्षं तो ज्या दाराशी कान लावून बसला होता त्याच्या पलीकडे माणसं उभी होती, आणि मध्ये हा उभा होता, हात पसरून, त्याच्याच हक्काची राखण करत. ज्यानं आयुष्यात कुठली वस्तू कुणापासून राखली नाही, त्यानं एवढी एक राखली. तो दत्तूच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. कुठंतरी काहीतरी सापडेल, एखादी बारीक रेघ, की बाबा, मलाही जळायला झालं होतं, शहरभर तुझी अक्षरं झाली असती तर मी कुठं गेलो असतो, म्हणून पुसायला लावली. तेवढं सापडलं असतं तर त्यानं दत्तूला तिथल्या तिथं माफ केलं असतं, मित्र म्हणून पुन्हा जवळ घेतलं असतं.

“तुला कशी वाटली होती?” त्यानं विचारलं. “खरं सांग.”

“तुझी हाय,” दत्तू म्हणाला. “चांगलीच असनार.”

यात धरायला काही नव्हतं. दत्तूनं रोशनीच्या हातून माऊस आपल्याकडे घेतला आणि थांबला. तुझी परवानगी असेल तर दुसऱ्या सीडीवर कॉपी करून देतो, करू ना, असं त्यानं विचारलं. वेणीमाधवनं दहा वर्षं सभांमधून हेच मागितलं होतं, की हात लावण्याआधी विचारा. विचारणारा हा एकच निघाला. होकार दिला की काम झालं. उद्या वल्लरीची पत्रिका गोदावरीत, पाचशे घरांत. आणि त्या प्रत्येक घरात ती दत्तूनं जपून ठेवली म्हणून गेलेली असणार. ती बघून कुणी वा म्हणालं तर त्यातला अर्धा वा दत्तूचा. सविताला तो कौतुकानं सांगेल, सगळ्या नाशकाला सांगेल, की चोरापासून मी कशी वाचवली. आणि चोर मांडवात बापाच्या जागी उभा असेल. आपली अक्षरं ह्या माणसाच्या हातून परत घ्यायची नाहीत, हे त्याला इतकं लख्ख कळलं की त्याचा त्यालाच धक्का बसला. त्यांना आता मरू द्यावं लागलं तरी चालेल. हे नीच आहे, हेही त्याला त्याच क्षणी कळलं, आणि कळून काही फरक पडला नाही.

“नको,” तो म्हणाला. “पत्रिका तुझ्याच अक्षरात होऊ दे. मी नुसतं बघायला मागितलं.”

दत्तूला ते समजायला जरा वेळ लागला. मग त्यानं चष्मा काढला. गायधन्याच्या पोरीची पत्रिका माझ्या अक्षरात, असं तो रोशनीकडे वळून म्हणाला. रंगाच्या हातानंच त्यानं डोळे पुसले, गालावर मेजरच्या नावाचा पिवळा लागला. माधवा, तू लय मोठ्या मनाचा, असं काहीतरी तो पुटपुटला. वेणीमाधवनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दुसरं काय करणार? पडद्यावर गोदावरीची अक्षरं अजून उभी होती. रोशनीनं ती बंद केली, सीडी बाहेर काढली. दत्तूनं तिच्यावर हलकेच फुंकर मारली, कव्हरात घातली आणि डब्यात सगळ्यात खाली, जिथं कुणाचा हात जाणार नाही अशा जागी, ठेवून दिली.

“काळजी नको करू माधवा,” तो म्हणाला. “कोनाला देत नाय.”